कातडी छापायचं मशीन आणि आपला उफराटा वाद

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे फौंड्री-वर्कशॉपच्या वस्तीत, आमच्या चहाच्या गाड्यावर एका पोरानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. काचेच्या पेटीत एक सुई पुढं-मागं फिरतीय, खाली गुलाबी जेलीसारखं काहीतरी थरावर थर साठतंय, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलंय की आता भाजलेल्या माणसाला पाच मिनिटात नवीन कातडी. झालं, चहा गार व्हायच्या आत दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते बघा जग कुठं चाललंय आणि आपण अजून खड्ड्यातनं गाड्या काढतोय. दुसरी म्हणते कशाला ही श्रीमंतांची थेरं, आधी सरकारी दवाखान्यात बेड द्या, मलम द्या, मग कातडी छापा. हाच वाद मग आमच्या तालमीच्या ग्रुपवर गेला, तिथं दोन दिवस पेटला, कुणी सुश्रुताला आणलं, कुणी प्राडाच्या चपलेला आणलं (कातड्याचा विषय निघाला की कोल्हापुरात चप्पल येणारच), आणि शेवटी कुणीतरी वर्गणीचा मेसेज टाकला तेव्हा सगळे गप झाले.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. छापलेल्या कातडीवर सरकारी पैसा खर्च व्हायला पाहिजे, आणि आत्ता, ती कच्ची असतानाच व्हायला पाहिजे. पण तो पैसा प्रिंटरवर नको. प्रिंटर हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. पैसा पाहिजे पेशी वाढवायच्या लॅबला, आणि ती लॅब पाहिजे सरकारी बर्न वॉर्डाच्या भिंतीला भिंत लावून. दोन्ही पार्ट्या त्या फिरणाऱ्या सुईकडंच बघत बसल्यात म्हणून दोघांचाही नेम चुकतोय.

प्रिंटर सोपा आहे असं मी हवेत म्हणत नाही. माझा धंदा पॅटर्न बनवायचा, म्हणजे फौंड्रीत साचा पाडायला लागणारे नमुने. पूर्वी सगळं सागवानात व्हायचं, आता आमच्याकडंपण एक थ्रीडी प्रिंटर आहे, प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर देतो. कातडीचा प्रिंटर म्हणजे हाडामासानं तोच, तीन दिशेनं सरकणारं डोकं, धाग्याच्या जागी सिरिंज, सिरिंजमध्ये जेल आणि जेलमध्ये जिवंत पेशी. या मिश्रणाला बायोइंक म्हणतात. जेल कोलॅजनचं असतं, किंवा रक्त गोठताना जे फायब्रिन तयार होतं त्याचं. खालच्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी, ज्या कातडीला ताकद देणारं कोलॅजन विणतात, वरच्या थरात केराटिनोसाइट, ज्यांच्यापासून आपली बाहेरची कातडी बनते. खरी गोम नोझलमध्ये आहे. भोक बारीक केलं तर रेघ नाजूक येते पण दाबानं पेशी चिरडून मरतात, भोक मोठं केलं की पेशी जगतात पण काम भोंगळ. शिवाय जेल नोझलमधनं पातळ यायला पाहिजे आणि बाहेर पडल्या पडल्या धरायला पाहिजे. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण साच्यात रस ओतताना आमचे फौंड्रीवाले रोज हेच रडगाणं गातात. यात नवल नक्कीच आहे, पण हे नवल उद्यमनगराला कळणाऱ्या भाषेतलं आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या नामवंत कारागिराचं नाव घेणाऱ्या गावाला स्टेपर मोटर आणि सिरिंजची भीती वाटू नये.

मग पाच मिनिटात कातडी हे खरं का? आता आकडे बघा. २०१७ साली माद्रिदच्या संशोधकांनी माणसाच्या प्लाझ्मा आणि पेशींपासून कातडी छापून दाखवली, १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा ३५ मिनिटांच्या आत. १०० चौरस सेंटिमीटर म्हणजे दहा बाय दहाचा, ढोबळपणे तळहाताएवढा चौकोन. मोठ्या माणसाची सगळी कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. साठ टक्के भाजलेल्या माणसाला एक चौरस मीटर लागली असं धरा, म्हणजे असे शंभर चौकोन, म्हणजे एक मशीन सलग चालवलं तर अडीच दिवसाच्या आसपास. हेही सोडा, चार मशीन लावा. पण त्या सिरिंजमध्ये भरायच्या पेशी कुठनं येणार? त्या पेशंटच्या स्वतःच्याच लागतात, दुसऱ्याच्या कायमच्या टिकत नाहीत, शरीर हाकलून लावतं. म्हणून चांगल्या जागेवरचा छोटा तुकडा काढायचा, लॅबमध्ये पेशी सुट्ट्या करायच्या, ३७ अंशाला, निर्जंतुक ठेवून, रोज खायला घालून वाढवायच्या, आणि याला दोन-तीन आठवडे जातात. व्हिडिओत हे तीन आठवडे दिसत नाहीत. रील करणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटले असतील, पण सगळी लढाई त्या तीन आठवड्यातच आहे.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. माझा आत्तेभाऊ पन्हाळ्याच्या बाजूला एका गुऱ्हाळावर गुळव्या होता. काहिलीतला रस गूळ व्हायच्या बेतात येतो तेव्हा तो उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि वर चिकट, पाण्यासारखा ओघळून जात नाही, बसतो तिथंच बसतो. सात-आठ वर्षांपूर्वी काहिल उतरवताना तोल गेला आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली आणि डावा हात भाजून निघाला. जागेवरच्या लोकांनी काय केलं? टूथपेस्ट फासली. (हे एक लिहूनच ठेवतो, भाजलं की वीस मिनिटं साधं गार वाहतं पाणी, बाकी पेस्ट, शाई, हळद, तूप काही नाही.) पुढं एका दवाखान्यात महिनाभर काढला. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून पायाला लावली. ज्या अवजारानं काढतात ते म्हणजे आमच्या सुताराचा रंधाच, फरक एवढाच की ही साल मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी पातळ. मग ती साल मशीनमधनं काढून तिला जाळीसारख्या चिरा पाडतात, ताणली की जास्त जागा झाकते. आजही त्याच्या पोटरीवर ती शंकरपाळ्यासारखी जाळी दिसते. आणि तुम्ही त्याला विचारा सगळ्यात जास्त काय दुखलं, तो पाय नाही म्हणणार, मांडी म्हणणार. पाय जळला होता, मांडी तर चांगली होती, ती आपण मुद्दाम सोलली. एक जखम बुजवायला दुसरी जखम करायची, आज जगभर हीच रीत आहे, आणि ती नाईलाजानं आहे. त्याची तरी मांडी शिल्लक होती. साठ-सत्तर टक्के भाजलेल्या बाईची कुठली कातडी सोलणार? ज्या जागेवरनं एकदा काढली ती भरून यायची वाट बघायची, दहा-पंधरा दिवसांनी परत तिथनंच काढायची, आणि तोवर उघड्या जखमेतनं पाणी जाणार, जंतू शिरणार. भाजलेली माणसं पुष्कळदा आगीनं मरत नाहीत, या वाट बघण्यात मरतात.

आता दुसऱ्या पार्टीचं म्हणणं घेऊ, आणि नीट घेऊ, कारण ते वजनदार आहे. आमच्या ग्रुपवर एका रिटायर्ड सरांनी लिहिलं होतं की बाबांनो, जिथं भाजलेल्या पेशंटला वेगळी खोली मिळायची मारामार, ड्रेसिंगला माणूस कमी, तिथं कसल्या कातड्या छापताय? हे खोडता येत नाही. बर्न वॉर्ड म्हणजे नुसता बेड नव्हे. वेगळी हवा लागते, सलाईनचा हिशोब तासातासाला ठेवणारी नर्स लागते, भूल देऊन ड्रेसिंग करायची सोय लागते, नंतर सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपी लागते. यातलं काही नसताना जगातला भारीतला प्रिंटर आणून ठेवला तर त्याच्यावर कापड घालून, हार घालून ठेवायची वेळ येईल. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार बसतात हे खरं, पण योजना बिल भरते, वॉर्ड उभा करत नाही. इथवर मी सरांच्या बाजूला.

पण सर तिथनं पुढं जी उडी मारतात तिथं माझं अडतं. आधी हे, मग ते. आधी बेड, मग विज्ञान. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण सांगा, असं ओळीनं कुठलं काम झालंय? शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हातात घेतलं तेव्हा या संस्थानानं दुष्काळ आणि प्लेग दोन्ही नुकतेच पाहिले होते. तेव्हाही कुणी म्हणू शकलं असतं की महाराज, आधी विहिरी, आधी औषधं, धरणाचं नंतर बघू. महाराजांनी शाळा, वसतिगृहं, मिल आणि धरण एकाच वेळी धरलं. धरण पैशावाचून मध्ये रखडलं, पुरं व्हायला स्वातंत्र्य येऊन जावं लागलं, हेही सांगायला पाहिजे. पण सगळ्या विहिरी झाल्यावर सुरू करू असं म्हटलं असतं तर आज जिल्ह्यात ऊस किती दिसला असता? आणि सर ज्याला श्रीमंतांचं खूळ म्हणतात त्याची दुसरी बाजू बघा, भाजतं कोण? जागतिक आरोग्य संघटना सांगते की भारतात वर्षाला १० लाखांपेक्षा जास्त माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात आणि जगात भाजून वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार माणसं मरतात, त्यातली बहुतेक गरीब आणि मध्यम देशातली. स्टोव्हवर रांधणारी बाई भाजते, फौंड्रीत लॅडल (रस ओतायचं भांडं) धरणारा भाजतो, शिरोलीची एमआयडीसी असो की गोकुळ शिरगावची, लोखंडाचा रस तेराशे-चौदाशे अंशाला ओतला जातो आणि ओतणारा पोरगा कधी कधी साध्या चपलेत असतो. काहिलीवरचा भाजतो, वायरमन भाजतो. बंगल्यातले साहेब सहसा भाजत नाहीत. म्हणजे हा आजार मुळात आमच्यासारख्यांचा, आणि त्याच्यावरचं नवीन काही निघालं की आम्हीच म्हणायचं ही चैन आहे, नको आम्हाला. मग ते कुणासाठी राहतं?

कुणासाठी राहतं त्याचं उत्तर बाजारानं दिलेलंच आहे. २०१५ साली लॉरिअल कंपनीनं ऑर्गनोव्हो या बायोप्रिंटिंगवाल्या कंपनीशी हातमिळवणी केली ती कातडी छापायसाठीच, पण भाजलेल्यांसाठी नव्हे, क्रीम-लोशन तपासायसाठी. युरोपात २०१३ ला आणि आपल्याकडं २०१४ ला सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला बंदी आली, त्यामुळं ही गरज होतीच आणि सशाचे हाल वाचले हे चांगलंच झालं, मी काही त्याच्या विरोधात नाही. पण बाजाराच्या भरवशावर सोडलं की छापलेली कातडी आधी कुठं पोचते ते बघून घ्या.

दुसरा आक्षेप मला याहून जास्त अडचणीचा वाटतो आणि तो कुणी फारसा घेतच नाही. तो असा की स्वस्तात होणारं अजून आपण पुरतं केलेलंच नाही. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या जखमेवर केळीचं पान ड्रेसिंग म्हणून वापरलं आणि त्याचा रीतसर अभ्यास करून छापला. वाडिया हॉस्पिटलमध्ये उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या, त्याचाही अभ्यास झाला. चिकटत नाही, काढताना पेशंट ओरडत नाही, आणि खर्च जवळजवळ शून्य. बाळंतपणात बाहेर पडणारा गर्भाचा पडदा स्वच्छ करून लावतात, टाटा हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेत १९८८ पासून असं काम चालतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्वचादान. सायनला २००० साली स्किन बँक झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे. मेल्यानंतर सहा तासाच्या आत घ्यावी लागते, रक्तगट जुळवायची भानगड नाही, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, मांड्या-पाठीवरनं पातळ थर घेतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत, ग्लिसरॉलमध्ये गार ठेवली की पाच वर्षंपर्यंत टिकते. आपण डोळे देतो म्हणून फॉर्म भरतो आणि कातडी म्हटलं की घरचे म्हणतात नको बाबा, मेल्यावर सोलायचं कशाला. इतकं साधं काम अंगावर येतं आणि आपण प्रिंटरच्या गप्पा मारतोय, असं कुणी म्हटलं तर मी मान खाली घालीन.

तरीपण इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला लागते. केळीचं पान, बटाट्याची साल हे वरवर भाजलेल्या जखमेचं पांघरूण आहे, जिथं खालचा थर शाबूत आहे आणि कातडी आपली आपण भरून येणार आहे तिथं. खोल भाजलं, खालचा थरच गेला, तर पानाखाली काही उगवत नाही, बी नसलेल्या वाफ्याला पाणी घातल्यासारखं. आणि दान मिळालेली कातडीसुद्धा कायमची लागत नाही, दोन-तीन आठवड्यात शरीर तिला नाकारतं. ती तोवर जखम झाकते, जंतू रोखते, पेशंटला जगवते. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. दान केलेली कातडी वेळ मिळवून देते दोन-तीन आठवड्यांचा, आणि पेशंटच्या स्वतःच्या पेशी वाढायला वेळ लागतो दोन-तीन आठवडे. म्हणजे स्किन बँक आणि पेशींची लॅब या एकमेकींच्या सवती नाहीतच, एकीनं धरून ठेवायचं आणि दुसरीनं पोचायचं. प्रिंटर नको, दान करा असं म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा की तीन आठवड्यांनी ती दानाची कातडी सुटायला लागेल, तेव्हा खाली काय असणार आहे? मांडी शिल्लक असेल तर मांडी. नसेल तर?

तिसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा, की हे अजून सिद्ध झालेलं नाही. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्टच्या लोकांनी २०१९ साली असं मशीन दाखवलं जे जखम स्कॅन करून थेट जखमेवरच थर देतं, पण ते उंदरांवर आणि डुकरांवर. त्यांनीच २०२३ ला सहा प्रकारच्या पेशी घालून तीन थरांची कातडी छापली, तीही प्राण्यांवरच. टोरांटोत २०१८ ला हातात धरायचा प्रिंटर केला, चिकटपट्टी ओढावी तसा. माणसांवरचे प्रयोग अजून बाल्यावस्थेत आहेत. घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, रक्तवाहिन्या वेळेत जोडल्या गेल्या नाहीत तर जाड थर उपाशी मरतो. आणि एक मुद्दा तर आमच्या पार्टीच्या मुळावर येणारा आहे, तो मीच सांगतो: वाढवलेली कातडी लावायला प्रिंटर लागतोच असं नाही. हार्वर्ड-एमआयटीच्या बाजूला हॉवर्ड ग्रीन म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७५ सालीच केराटिनोसाइट बशीत वाढवायची रीत काढली. १९८३ ला वायोमिंगमधले दोन लहान भाऊ ९५ टक्क्यांच्या वर भाजले, पाच-सहा वर्षांची पोरं, त्यांच्या शिल्लक कातडीचे बारके तुकडे घेऊन बॉस्टनला त्याच रीतीनं कातडीचे पातळ पत्रे वाढवले, अंगभर लावले, आणि पोरं जगली. तेव्हा कुठं होता प्रिंटर? त्या पत्र्यांची अडचण वेगळी होती, नुसता वरचा थर, खाली आधार नाही, म्हणून फोड यायचे, कातडी आखडायची. खालचा थर, वरचा थर, खाचखळगे, सगळं जागच्या जागी आणि दर वेळेला सारखं बसवायचं म्हणून प्रिंटिंग आलं. म्हणजे छापणं ही पन्नास वर्षांच्या कामाची पुढची पायरी आहे, आणि त्या मागच्या पायऱ्याच आपल्याकडं बहुतेक ठिकाणी नाहीत. म्हणून मी म्हणतो प्रिंटर सोडा, आधी लॅब. उद्या छापण्याचं सगळं फोल निघालं तरी लॅब वाया जात नाही, पत्रे करा, पेशी फवारा, काहीही करा.

फवारा म्हटल्यावर पर्थ आठवतं. ऑस्ट्रेलियातल्या फिओना वूड, सरकारी दवाखान्यातल्या बर्न सर्जन. पेशी वाढायला तीन आठवडे लागतात आणि जितका उशीर तितके व्रण वाईट, हे रोज डोळ्यांनी बघून वैतागल्या आणि पूर्ण पत्रा व्हायची वाट न बघता पेशी जखमेवर फवारायची रीत बसवली. २००२ च्या बाली बॉम्बस्फोटातले २८ जखमी त्यांच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलात आले तेव्हा जगाला कळलं. ही रीत कुठल्या झकपक कंपनीत जन्मली नाही, वॉर्डात जन्मली, कारण प्रश्न वॉर्डात होता. त्याच्याही आधी, १९८१ च्या सुमाराला, जॉन बर्क नावाचे बर्न सर्जन आणि आयोनिस यान्नास नावाचे एमआयटीतले इंजिनियर या जोडीनं गाईच्या कोलॅजनपासून आणि शार्कच्या कूर्चेतल्या पदार्थापासून खालच्या थराची जागा घेणारी चादर बनवली. सर्जन आणि इंजिनियर, एका टेबलावर. आपल्याकडं मेडिकल कॉलेज आहे, शिवाजी विद्यापीठ आहे, इंजिनियरिंग कॉलेजं तर गल्लीला एक आहेत, उद्यमनगर आहे, पण यांना एका टेबलावर बसवणारा चहाचा गाडासुद्धा नाही.

आणि सिद्ध झाल्यावर घेऊ म्हणणाऱ्यांना एक विचारतो. सिद्ध झाल्यावर ते कुठल्या भावात येतं? रक्ताच्या कॅन्सरवरच्या कार-टी उपचाराचं बघा. पेशंटच्याच पांढऱ्या पेशी काढायच्या, बाहेर बदलून वाढवायच्या, परत सोडायच्या. परदेशात याचा खर्च कोटींच्या घरात. आयआयटी बॉम्बे आणि टाटा हॉस्पिटल वाट न बघता आधीच कामाला लागलेले होते म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये देशी कार-टीला मान्यता मिळाली, आणि किंमत परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आली. तीस-चाळीस लाख हे गरिबाला आजही परवडत नाहीत, मला मान्य आहे, पण घासाघीस कुठनं सुरू करायची तो आकडा बदलला ना? पेशी काढून, वाढवून, परत द्यायची विद्या आणि स्वच्छ खोल्या इथं आल्या ना? कातडीला हेच लागतं, उलट कातडीच्या पेशींच्या जनुकांना हात लावायची गरज नसते.

सुश्रुताचं राहिलं. ग्रुपवर सुश्रुत आला की पुढची चर्चा बंद पडते, सगळं आपल्याकडं होतंच म्हणून. मला त्यापेक्षा जवळची गोष्ट महत्त्वाची वाटते. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा बैल हाकणारा मराठा टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या एका कारागिरानं, विटा-मडकी करणाऱ्या जातीतल्या माणसानं, कपाळाची कातडी फिरवून त्याला नवीन नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आलं, ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ ला लंडनला तेच ऑपरेशन केलं आणि तिथनं युरोपात ही विद्या पसरली. कावसजीचं नाव राहिलं, कार्प्यूचं राहिलं, टिपूचं तर राहिलंच. नाक बसवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. कसब इथं होतं, पण ते लिहून ठेवणारा, दहा जणांना शिकवणारा, पुढं नेणारा दवाखाना इथं नव्हता, तो तिकडं होता. म्हणून शंभर-दीडशे वर्षांनी तीच विद्या आपण प्लास्टिक सर्जरी म्हणून इंग्रजी पुस्तकातनं परत शिकलो. अभिमान बाळगायचा तर बाळगा, पण त्या गोष्टीतनं मला तरी दवाखान्याची मागणी ऐकू येते.

आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द, कारण जास्त नुकसान तेच करतील अशी मला भीती आहे. पाच मिनिटात कातडीचे व्हिडिओ फिरवले की कुणीतरी क्लिनिक उघडणारच. स्टेम सेलच्या नावावर गुडघ्यापासून मतिमंदत्वापर्यंत सगळं बरं करतो म्हणणाऱ्या जाहिराती आपण बघितल्यात. उद्या बोर्ड लागेल, मधुमेहाच्या जखमेवर प्रिंटेड स्किन, फक्त अमुक लाख, ईएमआयची सोय. आणि गिऱ्हाईक तयार आहे, देशात १० कोटींच्या वर मधुमेही आहेत, पायाची जखम भरत नाही म्हणून बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत, असं कापत गेलेली माणसं प्रत्येक पेठेत सापडतात. त्यांच्या जखमांना वाढवलेल्या कातडीचा खरंच उपयोग होऊ शकतो, अमेरिकेत तसली उत्पादनं पंचवीस वर्षांपासून मान्यता घेऊन वापरात आहेत, पण रक्तपुरवठा आणि साखर न बघता वरनं काहीही चिकटवलं तर ते गळून पडणार. आपल्याकडं २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम आहेत, अशा पेशींच्या उपचाराला परवानगी लागते, ट्रायलमध्ये पेशंटकडनं पैसे घ्यायचे नसतात, उलट इजा झाली तर भरपाई द्यायची असते. जो ट्रायल म्हणतोय आणि बिलपण देतोय तो चोर, एवढं साधं परिमाण लोकांना सांगितलं तरी पुष्कळ. आणि पेशी कुणाच्या हाही प्रश्न आहे. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाचा अंगठा घेऊन त्याच्या कातडीचा तुकडा काढला, त्या पेशी वाढवून फ्रीजमध्ये ठेवल्या, पुढं त्यावर कुणी माल तयार केला, तर त्या गुळव्याला त्यातलं काय? हे आधीच कागदावर, मराठीत, वाचून दाखवता येईल अशा भाषेत पाहिजे. खासगी लॅबपेक्षा सरकारी वॉर्डाला लागून लॅब असावी असं मी म्हणतो त्यामागं हेपण एक कारण आहे.

मग मागायचं काय? दक्षिण महाराष्ट्राला एक धड बर्न सेंटर, त्यात स्किन बँक, शेजारी पेशी वाढवायची एक स्वच्छ लॅब, दोन-तीन शिकलेली माणसं पक्क्या पगारावर, कंत्राटी नव्हे, कारण पेशींना शनिवार-रविवार कळत नाही. भाजलेल्या प्रत्येक माणसाची नोंद, कशानं भाजला, किती, पुढं काय झालं. मुंबई-पुण्याच्या कामाशी जोडून घ्यायचं, इथं सगळं पहिल्यापासून शोधत बसायचं नाही. प्रिंटर शेवटी, आणि तो आला की त्याचं नोझल कसं बदलायचं हे आमच्या गल्लीत सांगतील. यातलं प्रिंटर सोडून सगळं सरांच्या यादीतपण आहे, हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा सरांनी अंगठा पाठवला. सहमतीचा की विषय संपवायचा, कळलं नाही.

परवा यात्रेला गावी गेलो होतो तेव्हा आत्तेभावाला हे सगळं सांगितलं. तो आता काहिलीवर जात नाही, कारण लावलेल्या कातडीला घाम येत नाही, चुलवाणाजवळ पाय नुसता तापतो, भिजत नाही, रात्री खाजवून खाजवून रक्त काढतो, खोबरेल लावून बसतो. मी मोबाईलवर तो सुईवाला व्हिडिओ दाखवला. त्यानं तीनदा बघितला. मग म्हणाला, "दादा, ह्येला घाम येतोय व्हय?"

म्हटलं, अजून नाही.